वाट कुणाची आधी?

(शिकाऊ वाहन परवान्याची तयारी करणाऱ्या वस्तीतल्या बायकांच्या वर्गात, पहिल्या दिवशी केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मघाशी ओळखी करून घेताना एका ताईंनी मला विचारलं, "गाडी कधी हातात देणार?" त्यांची घाई मला समजते. इथे कुणाला स्कूटर शिकायची आहे, कुणाला चारचाकी, तिघी-चौघींना रिक्षा चालवून घर चालवायचं आहे. पण पहिले चार रविवार आपण गाडीला हात लावणार नाही. आपण नियम शिकणार आहोत. हे ऐकून काहींचे चेहरे पडलेले मला इथून दिसले!

त्यात तुमची चूक नाही. नियम हा शब्द ऐकला की बाईच्या मनात जे येतं, ते सगळं नकाराचं असतं. दिवेलागणीच्या आत घरात. मोठ्यानं हसायचं नाही. चार माणसांत पुढं पुढं करायचं नाही. जन्मल्यापासून आपण नियमच ऐकत आलो. त्यात आणखी रस्त्याचे कशाला, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. रस्त्याचे नियम हे त्या नियमांच्या जातीचे नाहीत. ते न शिकल्यामुळे माझं काय झालं, ते आधी सांगते.

१९९१ सालची गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी राहत होते आणि सात किलोमीटरवरच्या शाळेत शिकवत होते. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नव्हती, म्हणून हप्त्यावर लूना घेतली. घरात बरीच चर्चा झाली, पण घेतली. परवाना एका एजंटनं काढून दिला. "बाई, तुम्ही सही करा, बाकीचं मी बघतो," असं तो म्हणाला आणि त्यानं बघितलंही. माझी परीक्षा अशी झालीच नाही. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं करत होते आणि माझ्या पर्समध्ये न दिलेल्या परीक्षेचा परवाना होता. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कचेरीतली गर्दी, रांग, पुरुषांच्या नजरा यातून सुटले, असंच वाटलं.

एके सकाळी मी डांबरी मोठ्या रस्त्यानं, डाव्या बाजूनं, शाळेकडे निघाले होते. शेतातून येणाऱ्या कच्च्या वाटेवरून एक जीप न थांबता सरळ मोठ्या रस्त्यावर आली आणि माझ्या पुढच्या चाकाला लागली. मी पडले. कोपर फुटलं, साडी फाटली. जीपच्या दिव्याची काच गेली. पाच मिनिटांत माणसं जमली. "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं," हे पहिलं वाक्य कानावर आलं. जीपवाला म्हणाला, "एवढी मोठी गाडी येताना दिसली नाही का?"

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चुकलं माझं."

मला खरोखर तसंच वाटत होतं. त्याची गाडी मोठी, तो पुरुष, आवाज त्याचा मोठा, शिवाय गावातला वजनदार माणूस. मी थांबायला हवं होतं, असंच मला वाटलं. दीर आले. त्यांनी तिथल्या तिथे ७०० रुपये दिले आणि प्रकरण मिटवलं. पोलिसांत कळवलं नाही. घरी आल्यावर लूनावर पोतं टाकलं गेलं. "जिवाशी खेळ नको," असं सासूबाई मायेनंच म्हणाल्या. मला कुणी कोंडलं नाही, कुणी मारलं नाही. मी स्वतःच पुन्हा एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. अकरा वर्षं तशीच उभी राहत होते. रोज घरातून तासभर आधी निघायचं, म्हणजे तासभर आधी उठायचं, म्हणजे पहाटे चारला चूल. त्या अकरा वर्षांचा हिशोब कुणी मागितला नाही, मीही मांडला नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझी भाची शिकाऊ परवान्याची तयारी करत होती. "मावशी, मला प्रश्न विचार," म्हणून तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी वाचत गेले. एका प्रश्नापाशी थांबले. बाजूच्या रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना चालकानं काय करावं? भाचीनं न बघता उत्तर दिलं, "मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यावं." मी पुस्तक मिटून बसले. ती विचारत राहिली, "मावशी, काय झालं?"

मोटार वाहन कायदा १९८८ चा. १ जुलै १९८९ पासून तो अमलात आला. रस्त्यावर कसं चालवायचं याची नियमावलीही १९८९ चीच. म्हणजे मी पडले त्या सकाळी हा नियम दोन वर्षांचा होता. थांबायचं त्या जीपनं होतं. मी बरोबर होते. मला ते माहीत नव्हतं, एवढाच काय तो माझा गुन्हा. जमलेल्या लोकांनाही माहीत नसेल. पण ते अंदाजानं बोलले, आणि अंदाज बांधताना त्यांनी रस्ता बघितला नाही. त्यांनी बाई बघितली.

त्यानंतर मी नियम मुळापासून वाचले. १९८९ ची नियमावली जाऊन २०१७ मध्ये नवी आली आहे, तीही वाचली. आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली, ती तुम्हाला सांगते.

रस्त्याचा नियम वाट देताना माणूस बघत नाही, जागा बघतो. मुख्य रस्त्यावर असाल तर वाट तुमची. दोन्ही रस्ते सारखे असतील आणि चौकात सिग्नल किंवा पोलीस नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्यानं बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबून पुन्हा निघणं अवघड असतं. झेब्रा पट्ट्यावरून माणूस रस्ता ओलांडत असेल तर वाहनानं थांबायचं. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आली तर सगळ्यांनी बाजूला व्हायचं.

आता यात बघा. मालकाच्या गाडीला आधी, असं कुठे आहे? पुरुषाला आधी, महागड्या गाडीला आधी, पुढाऱ्याच्या नातेवाइकाला आधी, असं कुठे आहे? जो चढतो आहे त्याला आधी, जो पायी आहे त्याला आधी, ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला आधी. आपल्या घरात ताट आधी कुणाचं वाढायचं, अंघोळीचं पाणी आधी कुणाला, शिक्षण आधी कुणाचं, हे ज्या हिशोबानं ठरतं, त्याच्याशी हा हिशोब ताडून पाहा. घरात आपण सतत वाट देत असतो आणि त्याला संस्कार म्हणतो. रस्त्यावर आल्यावर तीच सवय आपल्यासोबत येते. मागून कुणी हॉर्न वाजवला की आपण लगेच कडेला होतो, कधी कधी पार खड्ड्यात जातो. पुढे जाणाऱ्यानं उजव्या बाजूनं, समोरचा रस्ता मोकळा बघून जायचं असतं. त्यासाठी आपण रस्ता सोडून खाली उतरायचं नसतं. आपण डावी बाजू धरून, एका रेषेत, शांतपणे चालत राहायचं. तेवढी जागा आपली आहे.

कुणी म्हणेल, ट्रकवाल्याला तुमचा नियम कुठे माहीत आहे? बरोबर आहे. हक्क आपला आहे म्हणून कुणी ट्रकपुढे चाक घालू नका. चौकात शिरताना वेग कमी करायचा, हे नियमातच आहे, मग वाट कुणाचीही असो. पण हक्क माहीत असताना थांबणं वेगळं आणि माहीत नाही म्हणून थांबणं वेगळं. पहिलीत तुम्ही निर्णय घेता. दुसरीत तुम्ही फक्त घाबरता. आणि नंतर माणसं जमली, की पहिली बाई आपली बाजू सांगू शकते. दुसरी म्हणते, "चुकलं माझं."

अपघाताबद्दलही थोडं सांगते, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न असतो आणि आयुष्यातही येऊ शकतो. कलम १३४ नुसार चालकानं जखमी माणसाला जवळच्या दवाखान्यात न्यायची व्यवस्था करायची, आणि पोलिसांना कळवायचं. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत कळवायचं. जमाव अंगावर आला असेल तर आधी सुटका करून घ्यायची सवड कायदा देतो. डॉक्टरनंही कागदपत्रांसाठी न थांबता उपचार सुरू करायचे असतात. मदत करणाऱ्या त्रयस्थाला त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये कलम १३४अ आलं आहे. तेव्हा रस्त्यात कुणी पडलं असेल तर "नसती झंझट" म्हणून पुढे जाऊ नका. आणि कुठेही, कुणाच्याही दीरानं खिशातून पैसे काढून आपली चूक कबूल करावी, असं कायद्यात लिहिलेलं नाही.

हात दाखवण्याचेही नियम आहेत. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढायचा, तळवा पुढे. वेग कमी करायचा असेल तर तोच हात, तळवा जमिनीकडे, वरखाली हलवायचा. थांबायचं असेल तर हात कोपरातून उभा वर करायचा. गाडीला दिवे असले तरी ते बंद पडतात, त्यामुळे हात यायला हवा. मागच्या वर्गात मी हे करायला सांगितलं तेव्हा एकीचाही हात पूर्ण उघडेना. कोपर अंगाला चिकटलेलंच. अंग चोरून चालायला आपल्याला इतकं शिकवलंय की भर रस्त्यात हात लांब करायचा म्हणजे संकोच होतो. तो सराव आपण इथे रोज करणार आहोत, गाडीशिवाय. हसायचं असेल तर हसून घ्या, पण हात पूर्ण उघडा.

आता चिन्हं. ती पाहून घाबरू नका. ज्यांना वाचताना अडखळायला होतं, त्यांच्यासाठी ही चांगली सुरुवात आहे, कारण बहुतेक चिन्हांत अक्षर नसतं. तीन कुळं लक्षात ठेवा. गोल चिन्ह आज्ञा देतं. लाल कड असेल तर बहुधा "हे करू नका", निळा गोल असेल तर "हे कराच". लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, पुढे वळण आहे, शाळा आहे, रेल्वेचं फाटक आहे. निळा चौकोन माहिती देतो, इथे दवाखाना आहे, इथे पेट्रोल पंप आहे. दोन चिन्हं मात्र या कुळांत बसत नाहीत आणि म्हणूनच ती लांबून ओळखू येतात. आठ कोनांचं लाल चिन्ह म्हणजे थांबा. उलटा त्रिकोण म्हणजे वाट द्या. मला त्या जीपच्या वाटेवर तो उलटा त्रिकोण लावावासा वाटतो!

एक चिन्ह तुम्हाला मुद्दाम दाखवते. त्रिकोणात फावडं घेतलेला माणूस. पुढे रस्त्याचं काम चालू आहे, असा अर्थ. इंग्रजीत त्याला "मेन ॲट वर्क" म्हणतात. आपल्याकडच्या रस्त्यावर खडीच्या पाट्या डोक्यावर घेऊन कोण चालतं? बाजूच्या झाडाला झोळी बांधून कोण काम करतं? परीक्षेत उत्तर बरोबर लिहा, पण चित्रात कोण नाही तेही बघून ठेवा.

नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपण अजिबात नव्हतो असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक नियम आहे. दुचाकीवर मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. हेच आपलं साडी गार्ड. नियम चांगला आहे, कित्येकींचे जीव त्यानं वाचले असतील. पण त्यातून दिसतं की कायद्यानं साडीतली बाई पाहिली ती मागच्या सीटवर. हेल्मेटचंही तसंच. दिल्लीत २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेटमधून सूट होती. सूट म्हटलं की बरं वाटतं. पण डोकं फुटलं तरी चालेल, अशी सूट कुणाला देतात? अंबाडा सैल बांधा, हवं तर वेणी घाला, पण हेल्मेट घाला आणि पट्टा लावा. मागे बसलात तरी.

पुढच्या सीटवर येण्यासाठी बायकांनी काय काय केलं आहे! ६ नोव्हेंबर १९९० रोजी सौदी अरेबियात, रियाधमध्ये ४७ बायकांनी मोटारी चालवल्या. कित्येकींना कामावरून दूर केलं गेलं, पासपोर्ट काढून घेतले गेले. तिथली बंदी उठायला २४ जून २०१८ हा दिवस उजाडावा लागला. आपल्याकडे तशी बंदी कधीच नव्हती. १९८८ मध्ये परभणीहून आलेल्या शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. १९९३ मध्ये तामिळनाडूत वसंतकुमारी सरकारी बसच्या चालक झाल्या. कायद्यानं अडवलं नव्हतं, तरी या बायकांच्या बातम्या झाल्या. म्हणजे अडवणारं दुसरं काही होतं, आणि ते कायद्यापेक्षा चिवट होतं.

ते आज कुठे बसलं आहे, ते सांगते. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या मदतीनं शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. ही सोय चांगली आहे. मजुरी बुडत नाही, कचेरीतली रांग टळते. पण मागच्या वर्गातल्या एका काकूंचं काय झालं? मुलगा म्हणाला, "आई, तू फक्त ओटीपी सांग, बाकीचं मी बघतो." दहा मिनिटांत परवाना हातात. काकू पेढे घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, "काकू, उलटा त्रिकोण म्हणजे काय?" त्या गप्प झाल्या.

बाकीचं मी बघतो! हे वाक्य मी १९९१ च्या आधी ऐकलं होतं. तेव्हा एजंट पैसे घेऊन म्हणत होता, आता मुलगा प्रेमानं म्हणतो. दोन्ही वेळा परवाना बाईच्या नावाचा आणि ज्ञान दुसऱ्याचं. मुलाला रागावू नका. त्याला म्हणा, "बाळा, माझ्याकडून पाठ करून घे, पण बटण मी दाबणार." काकूंनी नंतर आमच्याबरोबर बसून सगळं पुस्तक पुरं केलं, तेव्हा कुठे त्या स्कूटरवर बसल्या.

परीक्षा अवघड नाही. आपल्याकडे १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. प्रत्येकाला तीन-चार उत्तरं दिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. मराठीत देता येते. वय १८ पूर्ण हवं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि इथेच आपल्यातल्या निम्म्या जणी अडतात. घर नवऱ्याच्या नावावर, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येकीनं आपले कागद घेऊन यावं. ते एका नावाखाली आणणं हे आपल्या वर्गाचं पहिलं काम. परवाना पुढचा, पण हे कागद आयुष्यभर उपयोगी पडतात.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकताना पांढऱ्या पाटीवर लाल "एल" पुढे आणि मागे हवा, आणि परवाना असलेलं शिकवणारं माणूस सोबत हवं. म्हणजे शिकाऊ परवान्यावर पोराला मागे बसवून शाळेत सोडायला जायचं नाही. रिक्षा चालवू इच्छिणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. व्यावसायिक परवान्याला पूर्वी आठवी पासची अट होती. ती २०१९ मध्ये गेली. शाळा सुटली म्हणून परवाना नाही, असं कुणी सांगितलं तर त्यांना हे सांगा. आणि गाडी चालवताना परवाना, नोंदणी, विमा, पीयूसी जवळ असू द्या. मोबाइलमधल्या डिजिलॉकरमधले चालतात. ते गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं मागितले तर दाखवायचे. रस्त्यात उभ्या कुणाही चार लोकांनी मागितले तर दाखवायची गरज नाही.

शेवटचं सांगते आणि बसते. आज आपण पायी चालणाऱ्या आहोत. उद्या आपल्यातल्या काही जणी हँडल धरतील. त्या दिवशी झेब्रा पट्ट्यावर डोक्यावर पाटी घेतलेली भाजीवाली असेल, सरपणाची मोळी घेतलेली म्हातारी असेल. ती आपल्या गाडीकडे बघून बिचकेल, मागे सरेल, जशी मी सरत होते. तेव्हा हॉर्न वाजवू नका. थांबा, आणि हात दाखवून तिला सांगा की वाट तुझी आहे. ज्या नियमानं आपल्याला जागा दिली, तो तिच्यासाठीही आहे. आपण फक्त आपल्यापुरता पाळला, तर आपण आणि तो जीपवाला यांत फरक काय राहिला?

तर पुस्तकं वाटायला घ्या. पहिलं पान उघडा. आणि कोपर अंगाला न चिकटवता, सगळ्यांनी उजवा हात सरळ बाहेर काढा.